जुन्या ट्रकचा रेडिएटर बदलताना : तपासणी, निवड आणि काळजी

शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचला तरच वर्षभराच्या कष्टाचे चीज होते. आज अनेक शेतकरी कुटुंबांकडे स्वतःचा जुना डिझेल ट्रक किंवा टेंपो आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानकाची नवी वाहने विकली जात आहेत. तरीही कांदा, ऊस, टोमॅटो, मुरघास, शेणखत आणि विटा वाहण्याचे काम गावोगावी त्याआधीची साधी डिझेल वाहनेच करीत आहेत. ही वाहने दणकट असतात व गावचा मिस्त्रीही ती दुरुस्त करू शकतो. मात्र इंजिन गरम होण्याची तक्रार त्यांच्यात हमखास आढळते.

समजा, एप्रिल महिन्यात उन्हाळी कांदा भरून आपला ट्रक घाट चढत आहे. बाहेर चाळीस अंश तापमान आहे, वाहन दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आहे. चालकाने वेळीच वाहन थांबविले तर तासाभराचा खोळंबा होतो. तसेच रेटले तर हेड गॅस्केट उडते, हेड वाकते किंवा तडकते, पिस्टन लायनरमध्ये जाम होतो. रेडिएटरचा खर्च वाचविण्याच्या नादात संपूर्ण इंजिन बांधण्याचा खर्च अंगावर येतो आणि माल जागेवर खराब होतो तो वेगळाच. म्हणून रेडिएटर बदलण्याची वेळ आल्यावर तो डोळसपणे कसा निवडावा, याची माहिती या लेखात दिली आहे. यातील बहुतेक गोष्टी ट्रॅक्टरलाही लागू पडतात.

रेडिएटरवर किती काम पडते?

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. तिच्यापैकी साधारण एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. मोठा भाग धुराबरोबर जातो आणि पाव ते एक तृतीयांश भाग इंजिनातील पाण्यात उतरतो. घाटात भरलेले वाहन तासाला १० लिटर डिझेल जाळत असेल, तर रेडिएटरला सतत २५ ते ३० किलोवॅट उष्णता हवेत सोडावी लागते. ही शक्ती ५ अश्वशक्तीच्या सात-आठ मोटारींच्या ताकदीएवढी आहे. एवढे काम काही नळ्या आणि पातळ पत्ते करतात. त्यातील चौथा हिस्सा नळ्या बुजल्या तरी सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण घाटात आणि उन्हाळ्यात ती उणीव लगेच उघडी पडते. हिवाळ्यात ठीक चालणारे वाहन एप्रिलमध्ये तापू लागते ते यामुळेच.

प्रथम खात्री करा : दोष रेडिएटरचाच आहे का?

इंजिन तापले की रेडिएटर बदलायचा, ही घाई टाळावी. नवा रेडिएटर बसवूनही वाहन तापतच राहिले, अशी उदाहरणे कमी नाहीत. त्यासाठी पुढील तपासणी क्रमाने करावी. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडावे. गरम इंजिनचे झाकण उघडल्यास उकळते पाणी व वाफ उसळून चेहरा आणि हात गंभीर भाजतात.

१) जाळीची बाहेरची बाजू : उसाचे पाचट, भुसा, किडे आणि तेलकट धूळ पत्त्यांमध्ये अडकली आहे का ते पाहावे. पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोरदार फवाऱ्याने पत्ते वाकतात.

२) पंख्याचा पट्टा : पट्टा सैल, तेलकट किंवा चिरलेला असल्यास पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंद फिरतात.

३) थर्मोस्टॅट : तो काढून पाण्याच्या भांड्यात तापवावा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. उघडत नसल्यास नवा बसवावा. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त लागते, लायनर व रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता आडमार्गाने फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते.

४) झाकण : रबर कडक झाले असेल किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. झाकण स्वस्त असते, म्हणून संशय असल्यास ते आधी बदलावे.

५) खालचा होस पाईप : इंजिनचा वेग वाढविल्यावर तो आत दबत असेल तर पाण्याचा प्रवाह तुटतो. पाईपमध्ये मूळची स्प्रिंग असल्यास ती गंजून तुटलेली नाही ना, हे पाहावे.

६) हेड गॅस्केट : थंड इंजिनात पाणी काठोकाठ भरून, झाकण न लावता इंजिन चालू करावे. काही क्षणांतच सतत बुडबुडे येऊ लागल्यास सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. हा दोष नव्या रेडिएटरने जाणार नाही.

७) इतर कारणे : ब्रेक चिकटून राहणे, डिझेल पंपाचे टायमिंग बिघडणे आणि क्षमतेपेक्षा जास्त भार भरणे यामुळेही इंजिन तापते.

एवढे पाहून झाल्यावर जाळीची परीक्षा करावी. वाहन थोडे चालवून आणावे व इंजिन बंद करून जाळीच्या पुढील बाजूवर हात जवळ नेऊन फिरवावा. मध्येच थंड पट्टे लागले तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. पत्ते चिमटीत धरताच भुकटी होत असेल, किंवा सांध्यांवर जागोजागी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसत असेल, तर त्या रेडिएटरचे आयुष्य संपले असे समजावे.

उपलब्ध पर्याय

१) डाग देणे व नळ्या साफ करणे : टाकीचा एखादा सांधा सुटला असेल किंवा एक-दोन नळ्या गळत असतील तर तांबे-पितळी रेडिएटरला डाग देता येतो. वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून क्षारही काढता येतात. जाळी चांगली असेल तर हा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आहे. मात्र गळणाऱ्या नळ्या दोन्ही टोकांना बुजवून रेडिएटर ‘दुरुस्त’ केला असेल, तर किती नळ्या बंद केल्या हे जरूर विचारावे. प्रत्येक बंद नळीबरोबर थंड करण्याची क्षमता घटत जाते.

२) जुन्या टाक्यांना नवी जाळी बसविणे : टाक्या, बाजूच्या पट्ट्या आणि पाइपांची तोंडे चांगली असल्यास हा उत्तम पर्याय ठरतो. वाहनावरील मापे बदलत नाहीत, त्यामुळे बसविताना जुगाड करावा लागत नाही. ज्या वाहनाचे तयार रेडिएटर आता सहज मिळत नाहीत, त्यांना हाच मार्ग सोयीचा आहे.

३) नवा तांबे-पितळी रेडिएटर : वजनाने जड आणि किमतीने जास्त, पण गावातही दुरुस्त होणारा. तांब्यातून उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चांगली वाहते, परंतु नळ्या पितळेच्या असतात आणि सांधे कथील-शिशाच्या झाळीचे असतात. त्यामुळे केवळ ‘तांब्याचा म्हणजे जास्त थंड’ असा निष्कर्ष काढू नये.

४) नवा ॲल्युमिनियम रेडिएटर : तांब्याची घनता ८.९ तर ॲल्युमिनियमची २.७ आहे, म्हणून हा रेडिएटर हलका असतो. त्याच्या नळ्या रुंद व चपट्या असतात आणि पत्ते नळ्यांना भट्टीत एकजीव केलेले असतात. त्यामुळे उष्णता चांगली बाहेर पडते. पुष्कळ वेळा त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि रबरी गॅस्केट ठेवून कडा दुमडून बसविलेल्या असतात. टाकी तडकल्यास किंवा नळी फुटल्यास गावच्या झाळकामात तो दुरुस्त होत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात साधे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चालत नाही.

५) भंगारातील जुना रेडिएटर : बाहेरून रंग दिला की तो नवा दिसतो, पण आतील क्षार दिसत नाहीत. दुसऱ्याने टाकून दिलेला दोष आपण विकत घेण्यासारखेच हे आहे. अडचणीच्या वेळी घ्यावा लागलाच तर वरची टाकी उघडून नळ्या पाहिल्याशिवाय घेऊ नये.

कोणासाठी कोणता पर्याय?

वाहन खडी, माती, ऊसतोडीचे फड आणि कच्चे रस्ते यांवर चालत असेल, मिस्त्री जवळचाच असेल आणि वाटेत मिळेल ते पाणी भरण्याची चालकाची सवय सुटणार नसेल, तर तांबे-पितळी रेडिएटर किंवा त्याची नवी जाळी घ्यावी. वाहन प्रामुख्याने डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याला जात असेल, चालक एकच असेल आणि कूलंटची शिस्त पाळली जाणार असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनविलेला ॲल्युमिनियम रेडिएटर समाधानकारक काम देतो.

खरेदीपूर्वी घ्यावयाची मापे

केवळ वाहनाचे नाव सांगून रेडिएटर मागू नये. एकाच नावाच्या वाहनात वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिने आली आहेत. उदाहरणार्थ, टाटा ४०७ हे वाहन १९८६ मध्ये बाजारात आले. त्यातील ४९७ या इंजिनाच्या क्रमांकाचा अर्थ ४ सिलिंडर आणि ९७ मि.मी. बोअर असा आहे, तर मोठ्या ट्रकमधील ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि तोच बोअर. ही इंजिने साधी आणि टर्बो अशा दोन्ही प्रकारांत आली. टर्बो इंजिन जास्त डिझेल जाळून जास्त शक्ती देते, म्हणून त्याची उष्णताही जास्त असते. साध्या इंजिनाचा रेडिएटर टर्बो इंजिनाला बसला तरी तो पुरेल असे नाही. आपल्या वाहनाचे मूळ इंजिन कोणी बदलले असल्यास रेडिएटर सध्याच्या इंजिनाप्रमाणे घ्यावा. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि पुढील मापे कागदावर लिहून दुकानात जावे.

अ) जाळीची उंची व रुंदी : टाक्या सोडून फक्त जाळी मोजावी. समजा, मूळ जाळी ६० × ५० सें.मी. आहे, म्हणजे ३००० चौ.सें.मी. दुकानदार ५५ × ४५ सें.मी.ची दाखवून ‘दोन बोटांचाच फरक आहे’ असे म्हणतो. तिचे क्षेत्र २४७५ चौ.सें.मी. भरते. म्हणजे वारा घेणारी जागा साडेसतरा टक्क्यांनी घटली. घाटात हाच फरक भोवतो.

आ) जाळीची जाडी व नळ्यांच्या ओळी : दोन ओळींच्या जागी चार ओळी घेतल्या म्हणजे दुप्पट थंडावा मिळतो, हा गैरसमज आहे. मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापविलेली हवा मिळते, शिवाय जाड जाळीतून हवा कष्टाने जाते. मूळ ओळींपेक्षा कमी ओळी घेऊ नयेत. एक ओळ वाढविल्यास पंखा आणि जाळी यांतील अंतर कमी होत नाही ना, हे पाहावे. ब्रेक लावताना आणि खड्ड्यात इंजिन हलते व जवळ आलेला पंखा जाळी कापतो.

इ) एका इंचातील पत्ते : फूटपट्टी लावून मोजावेत. दाट पत्ते स्वच्छ हवेत जास्त उष्णता सोडतात, पण पाचट व धुळीत लवकर तुंबतात. शेतातील कामासाठी इंचाला साधारण ८ ते १० पत्ते असलेली जाळी धुण्यास सोपी जाते. कोणत्याही परिस्थितीत मूळ जाळीपेक्षा फार दाट पत्ते घेऊ नयेत.

ई) पाइपांची तोंडे : वरच्या व खालच्या तोंडाचा व्यास, ते डावीकडे की उजवीकडे, आणि कोन. तोंड बारीक असल्यास पाण्याचा प्रवाह कमी होतो. मोठ्या पाईपला लहान तोंडावर क्लिपने आवळून बसविणे म्हणजे गळतीला आमंत्रण होय.

उ) बसविण्याच्या छिद्रांचे अंतर, रबरी बुशांची जागा आणि पंख्याभोवतीचे कवच बसविण्याची छिद्रे.

ऊ) झाकणाच्या गळ्याचे माप व त्यावरील दाब.

नव्या तांबे-पितळी जाळीचे वजनही करून पाहावे. त्याच मापाच्या दोन जाळ्यांपैकी एक बरीच हलकी असेल तर तिच्यात पातळ पत्रा वापरला आहे किंवा नळ्या कमी आहेत. नळ्या मोजणे कंटाळवाणे वाटले तरी एका ओळीतील नळ्या मोजाव्यात आणि ओळींच्या संख्येने गुणावे. पैसे देण्यापूर्वी दुकानदारासमोरच रेडिएटर पाण्यात बुडवून, झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरून गळती तपासून घ्यावी आणि पक्की पावती घ्यावी.

झाकणाचा दाब महत्त्वाचा

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुणे-नाशिक भागात, साधारण ६०० मीटर उंचीवर, ते सुमारे ९८ अंशांनाच उकळते. झाकण दाब धरून ठेवते म्हणून उकळण्याचे तापमान वाढते. समुद्रसपाटीला ०.५ कि.ग्रॅ. दाबाच्या झाकणामुळे पाणी सुमारे १११ अंशांना, तर ०.९ कि.ग्रॅ. दाबाच्या झाकणामुळे सुमारे ११८ अंशांना उकळते. याचा अर्थ जास्त दाबाचे झाकण लावावे असा मात्र नाही. जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे आणि पाईप ठरावीक दाबासाठीच बनविलेले असतात. जास्त दाबाच्या झाकणाने ते फुटतात. म्हणून वाहन उत्पादकाने ठरवून दिलेल्या दाबाचेच झाकण वापरावे.

रेडिएटर बसविताना

नवा रेडिएटर बसविण्यापूर्वी इंजिनातील पाण्याचे मार्ग स्वच्छ करणे अत्यंत आवश्यक आहे. तसे न केल्यास ब्लॉकमधील गंज व गाळ काही दिवसांतच नव्या नळ्यांत जाऊन बसतो. थर्मोस्टॅट काढून, ब्लॉकचा नळ उघडून, स्वच्छ पाणी येईपर्यंत इंजिन धुवावे. थर्मोस्टॅट पुन्हा बसविताना दोन्ही होस पाईप, क्लिपा व रबरी बुश नवीन घ्यावेत.

ट्रकची चासी खड्ड्यातून जाताना पिळली जाते. रबरी बुश नसतील किंवा बोल्ट फार आवळले असतील तर तो पीळ थेट रेडिएटरवर येतो व टाकीजवळचे सांधे तडकतात. बुश जागेवर असावेत आणि वरची आधाराची सळई ताणून न बसविता सहज बसली पाहिजे. पंख्याभोवतीचे कवच अडचण म्हणून फेकून दिलेले असते. ते नसेल तर पंखा इंजिनकडचीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि जाळीच्या कोपऱ्यांतून वारा खेचला जात नाही. कवच परत बसविल्याने अनेक वाहनांची तापण्याची तक्रार कमी होते.

ॲल्युमिनियम रेडिएटर असल्यास वायरिंगची अर्थ पक्की करावी. बॅटरीची निगेटिव्ह तार चासीला व इंजिनला घट्ट जोडलेली असावी. व्होल्टमीटरचे एक टोक रेडिएटरमधील पाण्यात आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. दिवे व इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखविल्यास वीज पाण्यातून वाहत आहे असे समजावे. अशा विजेने ॲल्युमिनियमला लवकर छिद्रे पडतात.

पाणी कोणते वापरावे?

ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्यांना क्षारांचा त्रास सांगावा लागत नाही. जे पाणी ड्रिपर बुजविते तेच पाणी रेडिएटरच्या नळ्या बुजविते. फरक इतकाच की इंजिनात पाणी तापत असल्याने क्षार अधिक वेगाने बसतात. हेडच्या आत बसलेला क्षारांचा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहू देतो. मग रेडिएटर नवा असूनही धातू आतून तापतच राहतो.

यासाठी डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाण्यात, उत्पादकाने सुचविलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. ते मिळेपर्यंत स्वच्छ भांड्यात धरून गाळलेले पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी नसला तरी कूलंटमधील गंजरोधक द्रव्यांची गरज आहेच. डिझेल इंजिनचे लायनर कंप पावतात, तेव्हा पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनरला बाहेरून खड्डे पडतात. योग्य कूलंट आणि चांगले झाकण यामुळे हे नुकसान आटोक्यात राहते. मात्र निव्वळ कूलंट भरू नये, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. दोन वेगवेगळ्या प्रकारची कूलंटही एकत्र करू नयेत.

हे करू नका

• ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी आणलेले ॲसिड रेडिएटरमध्ये ओतू नका. त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पितळ व झाळीचे सांधेही कमकुवत होतात. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियमला तितकाच घातक आहे.

• वाटेत गळती लागली की हळद टाकण्याची पद्धत आहे. घरी पोहोचण्यापुरता तो उपाय ठीक, परंतु ती हळद बारीक नळ्यांतही बसते. पोहोचताच पाणी काढून धुवावे व गळती पक्की दुरुस्त करावी.

• तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका, हेड तडकते. वाहन सावलीत थांबवून इंजिन निवू द्यावे. मग जाड फडके धरून झाकण सावकाश सैल करावे व पाणी थोडे थोडे भरावे.

• काढलेले कूलंट गोठ्याजवळ, विहिरीजवळ किंवा चारीत ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट चवीला गोड असते. ते प्यायल्यास जनावरांची व कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तितकाच धोका आहे. ते बंद डब्यात, खूण करून ठेवावे.

• डाग देण्याच्या कामात शिशाचा धूर निघतो. हे काम घरात किंवा मुलांजवळ करू नये.

नियमित काळजी

रोज सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी पाहावी. पातळी रोज घटत असेल तर नुसते पाणी भरत न राहता गळती शोधावी. हंगामात आठवड्यातून एकदा जाळी बाहेरून धुवावी. पट्ट्याचा ताण महिन्यातून एकदा तपासावा. कूलंट उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलावे आणि ती तारीख टाकीवर रंगाने लिहून ठेवावी.

शेतकरी बंधूंनो, रेडिएटर बदलण्यासाठी हंगाम सुरू होण्याची वाट पाहू नका. पावसाळ्यात वाहन उभे असते तेव्हाच जाळीची परीक्षा करून, मापे लिहून, निवांतपणे खरेदी करावी. घाटाच्या तोंडाशी अडकल्यावर मिळेल तो आणि सांगतील त्या भावाने घ्यावा लागतो. आधी दोषाचे खरे कारण शोधा, मग मापाप्रमाणे रेडिएटर घ्या आणि त्यात चांगले पाणी भरा. एवढे पाळल्यास आपला जुना ट्रक अजून कित्येक हंगाम आपला माल वेळेवर बाजारात पोहोचवील.